रोव्हर्स चषक आणि रविवारची सुटी



व्याख्यानमालेच्या चालकांनी यंदा आम्हांस विषय विचारला, तेव्हा आम्ही 'फुटबॉल' असे उत्तर दिले. ते ऐकून मंडळी थोडी गोंधळली. कामगार चळवळीतला माणूस बोलावला म्हणजे तो किमान वेतनावर बोलेल, जिनिंगमधल्या हंगामी मजुरांवर बोलेल, फार झाले तर कापसाच्या भावावर बोलेल, अशी त्यांची अटकळ असावी. एक गृहस्थ तर स्पष्टच म्हणाले, "भाऊ, आपल्या इकडचे पोट्टे क्रिकेट खेळतात, नाही त कबड्डी. फुटबॉल कोन पाह्यते?" गृहस्थांचा प्रश्न खरा आहे. मुंबईसारख्या शहरात १८९१ साली सुरू झालेली फुटबॉलची स्पर्धा मुंबईच्याच एखाद्या संघाने जिंकायला १९५८ साल उजाडावे लागले, ही गोष्ट वाचल्यापासून आमच्याही डोक्यात जवळजवळ हाच प्रश्न घर करून बसला आहे. सदुसष्ट वर्षे हा मंडळ काही लहानसहान नव्हे.

आरंभीच एक कबुली देऊन ठेवतो. आमचे शालेय शिक्षण दहावीच्या गणिताशी झालेल्या झटापटीत संपले. पुढे जे काही वाचन घडले ते युनियनच्या कचेरीत, कोर्टाच्या दोन तारखांच्या मधल्या वेळात आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. त्यामुळे पंडितांची शिस्त आमच्या विवेचनात सापडणार नाही. कामगाराची नजर तेवढी सापडेल.

आता मूळ हकीकत. हिंदुस्थानात फुटबॉलच्या तीन जुन्या स्पर्धा. पहिली ड्युरँड, सिमल्याची, १८८८ सालची. ती सुरू करणारे सर मॉर्टिमर ड्युरँड हे हिंदुस्थान सरकारचे परराष्ट्र सचिव. पुढे १८९३ मध्ये अफगाणिस्तानच्या सरहद्दीवर ज्यांच्या नावाची रेषा ओढली गेली तेच हे गृहस्थ. दुसरी मुंबईची रोव्हर्स, १८९१ ची. तिसरी कलकत्त्याची आय. एफ. ए. शील्ड, १८९३ ची. पाच-सहा वर्षांच्या आत देशाच्या तीन टोकांना तीन चषक उभे राहिले. तिन्हींचे जनक गोरे, आणि खेळणारेही सुरुवातीस बहुतेक गोरेच. सिमल्याचा पहिला चषक रॉयल स्कॉट्स फ्युजिलियर्स या पलटणीने नेला. मुंबईचा पहिला चषक वूस्टरशायर रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनने. त्यानंतर पुढली पंचेचाळीस वर्षे रोव्हर्सच्या विजेत्यांची यादी पाहिली, तर ती फुटबॉलच्या स्पर्धेची यादी आहे की लष्करी छावणीचे हजेरीपत्रक आहे, असा संभ्रम पडतो. पलटणीमागून पलटण. कोणी स्कॉटलंडची, कोणी आयर्लंडची, कोणी इंग्लंडच्या एखाद्या परगण्याची. मुंबईच्या नावाने चाललेल्या स्पर्धेत मुंबईकर कोठे दिसत नाही.

असे का झाले? गोऱ्यांनी आपल्याला दारातच अडविले, हे उत्तर सोपे आहे आणि अर्धे खरेही आहे. पण उरलेले अर्धे शोधण्यासाठी आपल्याला थोडा वेळ मुंबई सोडून इंग्लंडातल्या लँकाशायर परगण्यात जावे लागेल. तिवशाच्या माणसाला लँकाशायर परके वाटण्याचे कारण नाही. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आले ते कापसाच्या ओढीने. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथला कापूस बंद झाला, आणि हिंदुस्थानचा कापूस गाठोडी बांधून लँकाशायरच्या गिरण्यांकडे धावला. आमच्या आज्या-पणज्यांनी वेचलेल्या बोंडांचे सूत कातणारे हात तिकडचे होते. तिकडच्या कामगारांनी आपल्याकडच्या कापसाला मनसोक्त शिव्याही दिल्या, कारण त्याचा धागा आखूड, सारखा तुटायचा. तुटलेल्या धाग्याची मजुरी कापली जाणार ती कामगाराचीच. तेव्हा त्यांचा राग आम्ही समजू शकतो.

तर या लँकाशायरमध्ये १८५० सालच्या फॅक्टरी कायद्याने एक लहानशी गोष्ट केली. बायका आणि अल्पवयीन कामगार यांचे काम शनिवारी दुपारी दोन वाजता थांबले पाहिजे, असे त्याने ठरविले. बायका-मुले उठून गेल्यावर गिरणी चालणार कशी? पुरुषांनाही सुटी मिळाली. आठवड्यातून एक दुपार मोकळी झाली. कामगारांच्या आयुष्यात हा केवढा फरक पडला असेल, हे ज्यांनी सलग पाळ्या केल्या आहेत त्यांनाच कळेल. रविवार देवाचा, देवळाचा. शनिवारची दुपार मात्र कोणाचीच नव्हती. ती फुटबॉलने व्यापली. इंग्लंडात सामने शनिवारी तीन वाजता सुरू होण्याची जी जुनी रीत आहे तिचे मूळ गिरणीच्या भोंग्यात आहे.

पुढे १८८३ साली मोठी मौज झाली. तोवर इंग्लंडचा एफ. ए. कप म्हणजे बड्या विद्यालयांतल्या साहेबपुत्रांची आणि लष्करी अधिकाऱ्यांची मिरास. त्या वर्षीच्या अंतिम सामन्यात ओल्ड ईटोनियन्सना ब्लॅकबर्न ऑलिंपिक या गिरणगावच्या संघाने जादा वेळेत २-१ असे हरविले. या संघात विणकर होते, सूतकाती होता, लोखंडाच्या कारखान्यातला मजूर होता, नळकाम करणारा होता. सामन्याआधी त्यांना काही दिवस समुद्रकिनारी नेऊन सराव करवला होता, आणि त्याचा खर्च गावच्या एका ओतशाळेच्या मालकाने सोसला होता. साहेबलोकांच्या वर्तमानपत्रांना हा सराव फारच लागला; खेळासाठी कामावरून रजा घेऊन तयारी करायची म्हणजे काय, अशी कुरकुर झाली. ज्याला कामच नाही त्याला रजेची गरज नसते, हे त्यांच्या ध्यानात आले नसावे. दोन वर्षांनी, १८८५ मध्ये, इंग्लंडात पैसे घेऊन खेळणे अधिकृत ठरले.

म्हणजे खेळाला लागणारे पहिले साहित्य चेंडू नव्हे, वेळ. ही खूण मनाशी ठेवून आपण पुन्हा मुंबईस येऊ.

रोव्हर्स चषक १८९१ साली सुरू झाला. त्याच्या अगदी उंबरठ्यावर मुंबईच्या गिरणी कामगाराला आठवड्याची सुटी मिळाली, हा योगायोग आम्हांस वाचता वाचता सापडला आणि त्यानेच हे व्याख्यान आमच्याकडून लिहवून घेतले. नारायण मेघाजी लोखंडे हे नाव या सभेत नवीन नाही. जोतीराव फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक, 'दीनबंधु' पत्राचे संपादक. त्यांनी १८८४ साली गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या, मागण्यांच्या अर्जावर साडेपाच हजार सह्या मिळविल्या. मागण्या तरी काय? आठवड्यातून रविवारची सुटी द्या. दुपारी अर्धा तास विसावा द्या. सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम घ्या. पगार पुढल्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत द्या. काम करताना जखमी झालेल्यास पोटापुरते द्या. सूर्यास्तापर्यंत काम घ्या, ही मागणी होती, म्हणजे प्रत्यक्षात काय चालत असेल ते ओळखावे. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर दहा हजार कामगारांची सभा झाली. त्या सभेत दोन कामकरी स्त्रियाही बोलल्या. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. १८९१ च्या फॅक्टरी कायद्याने आठवड्याची सुटी देशभर बंधनकारक झाली. या कायद्यासाठी मँचेस्टरच्या गिरणीमालकांनीही जोर लावला होता; मुंबईच्या गिरण्यांना स्वस्त मजुरीचा फायदा मिळू नये, एवढीच त्यांची कळकळ. कामगाराच्या वाट्याला न्याय कधी कधी असा दोन मालकांच्या भांडणातून गळून पडतो.

तर १८९० मध्ये रविवार मिळाला आणि १८९१ मध्ये चषक आला. मग लँकाशायरसारखे परळ-लालबागेत का घडले नाही?

एक तर सुटी मिळाली एकच. शनिवारची दुपार मिळाली नाही. रविवारी चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत आठवड्याचे धुणे, सौदा, गावाकडे पत्र, देणेकऱ्यांची भेट, हे सारे उरकायचे. दुसरे, जागा. स्पर्धेचे सामने पुढे ज्या कूपरेज मैदानावर रंगू लागले ते कुलाब्याच्या बाजूस, फोर्टाला लागून. एके काळी तेथे जहाजांसाठी लाकडी पिंपे बनविणाऱ्या कारागिरांचे कामाचे ठिकाण होते, त्यावरून ते नाव पडले. मैदानाला नाव मिळाले कारागिरांच्या धंद्याचे, पण त्यावर वावर साहेबाचा. गिरणगावापासून ते अंतराने फार दूर नाही. पण चाळ आणि गोऱ्यांची जिमखान्याची मैदाने यांच्यामधले अंतर मैलांत मोजता येत नाही. तिसरे, खर्च. कातड्याचा चेंडू, त्यातला रबरी फुगा, बूट. याउलट हुतुतू. चार हात मातीची जागा आणि छातीत दम. न चेंडू, न बूट, न जाळी. गिरणगावाने हुतुतू उचलला, तो जिवापाड वाढविला, आणि त्यातून पुढे कबड्डीचे नामांकित संघ निघाले, यात नवल ते काय? आमच्या वऱ्हाडातही तेच झाले. अमरावतीला १९१४ साली वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा पाया घातला, आणि १९३६ साली याच मंडळाच्या खेळाडूंनी बर्लिनला, ऑलिंपिकच्या प्रसंगी, आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली. ज्यांना साहेबाचे मैदान नव्हते त्यांनी आपल्या मातीचा खेळ साहेबाच्या मुलुखात नेला. हा अभिमान आम्हांसही आहे. पण त्या अभिमानाच्या भरात आपण फुटबॉलकडे मात्र पाठच फिरवली, हेही खरे.

गोऱ्या शिपायाला यांतले काहीच कमी नव्हते. मैदान छावणीचे, चेंडू पलटणीचा, बूट सरकारी, आणि मुख्य म्हणजे खेळण्याचा वेळही नोकरीतच धरलेला. रिकामा शिपाई बाजारात जाऊन दंगा करतो, दारू पितो, रोग आणतो. त्यापेक्षा तो चेंडूमागे धावलेला बरा, असा हिशेब अधिकाऱ्यांनी केला होता. आणि ज्यांना हा चेंडू पाहण्याची तरी संधी मिळाली त्या छावणीच्या गावांत तो झिरपलाच. नागपूरजवळचे कामठी पाहा. १८२१ साली तेथे छावणी बसली. आज विदर्भात फुटबॉलचे वेड कोठे म्हणून विचाराल तर जाणता माणूस कामठीकडेच बोट दाखवील. तेथल्या रब्बानी क्लबाचे नाव नागपूरच्या मैदानांवर आदराने घेतले जाते. कामठीत विणकरांची वस्ती मोठी. म्हणजे गिरणगावात जे झाले नाही ते हातमागाच्या गावात झाले. आम्हांस वाटते, विणकराचा माग घरात असतो आणि उठायचे केव्हा हे त्याचे तो ठरवू शकतो, हेही याचे एक कारण असावे. हा आमचा तर्क आहे. कामठीकरांनी तो खोडून काढल्यास आनंदच आहे.

मुंबईत फुटबॉलचा दुसरा आधार होता गोवेकर. धोबीतलावाच्या परिसरात त्यांचे गाववार 'कूड' होते, म्हणजे एकाच गावच्या खलाशांनी, आचाऱ्यांनी, वाजंत्र्यांनी मिळून चालविलेली बिऱ्हाडे. जहाज येईपर्यंत थांबलेल्या तारवट्याजवळ एक वस्तू मुबलक असते, रिकामा वेळ. पुढे मुंबईच्या संघांत गोव्याची आडनावे इतकी का दिसतात, त्याचे उत्तर या कुडांत थोडेबहुत मिळते.

आता एतद्देशीयांच्या प्रवेशाकडे वळू. पहिला धक्का कलकत्त्याला बसला. २९ जुलै १९११ रोजी मोहन बगान संघाने आय. एफ. ए. शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असे हरविले. अकरांपैकी दहा जण अनवाणी. बूट घातलेले एकटे सुधीर चॅटर्जी. कर्णधार शिबदास भादुरी यांनी बरोबरीचा गोल केला आणि शेवटच्या क्षणांत अभिलाष घोष यांनी विजयाचा. वंगभंगाची जखम ताजी असताना हे घडले, म्हणून त्याची गोष्ट अजून सांगितली जाते. मुंबईला मात्र जाग यायला आणखी बारा वर्षे लागली. १९२३ साली मोहन बगानला रोव्हर्ससाठी बोलावणे आले. संघ अंतिम सामन्यापर्यंत धडकला. तेथे डरहॅम लाइट इन्फंट्रीने त्यांना ४-१ असे हरविले. डरहॅम म्हणजे इंग्लंडातला कोळशाच्या खाणींचा परगणा. त्या पलटणीतली पोरे खाणकामगारांच्या घरची असायची. तेव्हा कूपरेजवर त्या दिवशी एकमेकांसमोर उभे ठाकले ते खाणकामगारांचे लेक आणि कलकत्त्याचे सुशिक्षित मध्यमवर्गीय तरुण. साम्राज्य ही अशी उलटीपालटी करणारी वस्तू आहे.

चषक प्रथम एतद्देशीयांच्या हाती पडला १९३७ साली. त्याच वर्षी अखिल भारतीय फुटबॉल महासंघ स्थापन झाला होता. विजेता संघ बंगलोर मुस्लिम्स. या संघाने १९३८ सालीही चषक राखला. बंगलोर हेही छावणीचेच गाव, हे सांगायला नकोच. १९४० साली अंतिम सामन्यात दोन्ही बाजूंस हिंदी संघ होते. कलकत्त्याच्या महमेडन स्पोर्टिंगने बंगलोर मुस्लिम्सला एका गोलाने हरविले. याच महमेडन स्पोर्टिंगने १९३४ पासून ओळीने पाच वर्षे कलकत्त्याची लीग जिंकली होती, आणि त्याच १९४० साली दिल्लीत ड्युरँड चषकही मिळविला. संघांच्या नावांत धर्म असणे आज कोणाला खटकेल. पण तो काळच तसा. मुंबईचे मोठे क्रिकेट सामनेसुद्धा हिंदू, पारशी, मुसलमान असेच होत. आम्ही एवढेच पाहतो की गोऱ्या पलटणींची पंचेचाळीस वर्षांची सद्दी मोडली ती या पोरांनी, आणि त्यांत गरीब घरची पोरे पुष्कळ होती.

१९४२ सालच्या विजेत्याचे नाव वाचून आम्ही वाचनालयात एकटेच हसलो. बाटा स्पोर्ट्स क्लब! ज्या देशातले खेळाडू अनवाणी खेळत त्या देशाचा चषक जोडे करणाऱ्या कारखान्याच्या संघाने नेला. पण त्यांत हसण्यापलीकडचा एक मुद्दा आहे. पलटण गेली की तिच्या जागी येते ती कंपनी. शिपायाला जसा नोकरीतच वेळ, मैदान आणि बूट मिळत होते, तसेच आता कारखान्याच्या खेळाडूला मिळू लागले. जोड्यांचा प्रश्न मात्र आणखी दहा वर्षे लोंबकळत राहिला. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले आणि फ्रान्सकडून २-१ असे हरले. १९५२ साली हेलसिंकीला युगोस्लाव्हियाने दहा गोल चढविले, तेव्हा कोठे बूट सक्तीचे झाले.

स्वातंत्र्यानंतरचे पहिले मोठे पर्व हैदराबाद सिटी पोलिसांचे. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे रोव्हर्स चषक या एकाच संघाकडे राहिला. हैदराबाद म्हटले की वऱ्हाडच्या माणसाचे कान टवकारतात. कायद्याच्या पुस्तकात वऱ्हाड निजामाचेच होते. १९०२ साली ते इंग्रजांना कायम पट्ट्याने दिले गेले, आणि निजामाच्या युवराजाला 'प्रिन्स ऑफ बेरार' ही पदवीही मिळाली होती. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली आणि ते राज्य संपले. त्यानंतर दोनच वर्षांनी तेथल्या पोलिसांनी मुंबईवर स्वारी केली ती चेंडू घेऊन.

या संघाचे गुरू सय्यद अब्दुल रहीम. मूळचे शाळामास्तर. त्यांच्याविषयी जेवढे वाचावे तेवढे थोडे वाटते. त्यांनी मुलांसाठी अशा स्पर्धा भरविल्या की ज्यांत चेंडू पायाशी घोळवीत न्यायला बंदी. मिळाला की लगेच सोबत्याकडे द्यायचा. कच्च्या पायानेच खेळायच्या स्पर्धा भरविल्या, म्हणजे उजव्या पायाच्या पोराला डावा पाय वापरावाच लागे. एकट्याच्या कसरतीपेक्षा सर्वांनी मिळून चेंडू पुढे नेण्यावर त्यांचा भर. संघटनेच्या कामात तीस वर्षे घातलेल्या माणसाला हे वाचून काय वाटले असेल, ते आम्ही सांगत बसत नाही. रहीमसाहेबांच्या हाताखालीच भारतीय संघ १९५६ साली मेलबोर्नला ऑलिंपिकमध्ये चौथा आला आणि १९६२ साली जकार्ताला आशियाई सुवर्णपदक घेऊन आला. पुढल्याच वर्षी ते कर्करोगाने गेले.

येथे एक आडवाट. अरब देशांतल्या क्लबांची एक स्पर्धा आहे. ती १९८१-८२ च्या सुमारास सुरू झाली, म्हणजे आपल्या रोव्हर्सच्या नव्वद वर्षांनंतर. तिचा पहिला विजेता बगदादचा अल् शुर्ता. 'शुर्ता' या अरबी शब्दाचा अर्थ पोलीस! हैदराबाद काय आणि बगदाद काय, पोलिसाला कवायतीची सवय, मैदान हाताशी, आणि पगार चालू. त्या स्पर्धेत पुढे १९८५, ८६ आणि ८७ अशी ओळीने तीन वर्षे बगदादचाच अल् रशीद जिंकला. हा क्लब १९८३ साली काढलेला, सद्दाम हुसेन यांच्या मुलाच्या, उदयच्या, आश्रयाखालचा. चांगले खेळाडू त्याने इतर क्लबांतून ओढून घेतले. १९९० साली क्लबच बंद केला गेला. रहीममास्तरांनी शाळेच्या पोरांतून उभा केलेला संघ आणि सत्ताधाऱ्याच्या पोराने उभा केलेला संघ, दोघांच्याही नावापुढे ओळीने विजय लिहिलेले आहेत. यादी वाचून फरक कळत नाही.

तर १९५८. कॅल्टेक्स या तेल कंपनीच्या मुंबईच्या संघाने रोव्हर्स चषक जिंकला. मुंबईचा पहिला विजेता. या संघात नेव्हिल डिसूझा होते. मूळ गोव्याचे. मेलबोर्नला ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्यांनी एकाच सामन्यात तीन गोल केले होते आणि भारताने तो सामना ४-२ असा जिंकला होता. सदुसष्ट वर्षांनी मुंबई जिंकली, पण ती जिंकली तेल कंपनीच्या नावाने. त्यानंतर मुंबईच्या फुटबॉलवर कंपन्यांचीच छाप राहिली. टाटा, मफतलाल, महिंद्र, ऑर्के. गिरणीच्या नावाचे संघ आले, पण गिरणगावातला साचेवाला त्यांत क्वचितच; खेळाडू बाहेरून आणून पटावर चढवायचे, अशी रीत.

आणि पटावर चढलेला खेळाडू म्हणजे कोण? कामगार की पाहुणा? या प्रश्नाशी आमची गाठ पुस्तकात पडली नाही, युनियनच्या कचेरीत पडली. पुष्कळ वर्षांपूर्वी एक गृहस्थ आले. वऱ्हाडातल्याच एका गिरणीत साचेखात्यात होते. गिरणी बंद पडली होती. त्यांचे ग्रॅच्युइटीचे वर्ष मोजताना पहिली काही वर्षे गाळली होती. वर्षात दोनशेचाळीस दिवस भरले नाहीत, असे व्यवस्थापनाचे म्हणणे. गृहस्थ म्हणाले, "दिवस कसे भरतील भाऊ? मी त् मॅच खेळाले जात होतो. साहेबच पाठवत होते." ते तेव्हा बदली कामगार. आधीच दिवस काठावर. त्यांत गिरणीच्या संघाबरोबर नागपूर, कामठी अशा फेऱ्या, आणि सरावासाठी अर्धी पाळी सोडलेली. त्या दिवशी टाइमकीपर मस्टरवर शिसपेन्सिलीने खूण करी. शाईने नाही. पंधरा-वीस वर्षांत पेन्सिल पुसून गेली.

आम्ही ते प्रकरण लढविले. पुरावा काय? एक पिवळा पडलेला गटफोटो, त्यात गिरणीच्या नावाचा फलक धरलेला. वर्तमानपत्राची दोन कात्रणे, त्यांत गोल करणाऱ्याचे आडनाव. आणि संघातल्या एका जुन्या सोबत्याची साक्ष. समोरचे वकील म्हणाले, खेळ हा करमणुकीचा भाग, काम नव्हे. आम्ही विचारले, मग जर्सीवर नाव कोणाचे होते? गाळलेल्या वर्षांपैकी ज्यांचे कात्रण सापडले तेवढी वर्षे मान्य झाली. ज्या वर्षी संघ पहिल्याच फेरीत हरला आणि वर्तमानपत्राने छापले नाही, ती वर्षे गेली ती गेलीच. गृहस्थ त्यावर म्हणाले, "आणखी थोडं चांगलं खेळाले पाह्यजे होतं." ते हसत म्हणाले, पण आम्हांस त्या रात्री झोप आली नाही.

तेव्हापासून जुन्या विजेत्यांच्या याद्या वाचताना आमचे लक्ष चषकापेक्षा दुसरीकडेच जाते. वूस्टरशायरच्या त्या शिपायाचा सरावाचा दिवस नोकरीत धरला जात असे. ब्लॅकबर्नच्या विणकराचा खर्च ओतशाळेच्या मालकाने दिला, पण बुडालेली मजुरी कोणी भरून दिली? हैदराबादच्या पोलीस जवानाला निवृत्तिवेतन मिळाले असेल. कंपन्यांच्या संघातल्यांचे काय झाले, ते त्या त्या कंपनीच्या दैवावर. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि गिरणगावच हळूहळू ओसरले. महिंद्र युनायटेड हा संघ २००५-०६ साली देशाची राष्ट्रीय लीग जिंकला आणि २०१० मध्ये कंपनीने तो बंद केला. रोव्हर्स स्पर्धेचा शेवटचा चषक २०००-०१ च्या हंगामात मोहन बगानने जिंकला. १९२३ साली ज्यांना अंतिम सामन्यात हार खावी लागली, त्यांच्याच हाती शेवटी तो राहिला. त्यानंतर स्पर्धा भरली नाही.

आता त्या गृहस्थांच्या पहिल्या प्रश्नाकडे. आपल्याकडे फुटबॉल कोण पाहतो? मागच्या हिवाळ्यात आम्ही जिनिंगच्या फाटकावर सभेसाठी गेलो होतो. पाळी सुटायला अवकाश होता. बाहेर, जेथे कापसाच्या गाड्या उभ्या राहतात त्या मोकळ्या जागेत, बाहेरून कामाला आलेल्या मजुरांची पाच-सात पोरे एक फाटका चेंडू लाथाडीत होती. त्यांतल्या एकाच्याच पायात जोडा होता, तोही एकाच पायात. दुसरा त्याने गोलाची खूण म्हणून ठेवला होता. आम्ही सभेचे विसरून पाहत उभे राहिलो. मग भोंगा झाला, गाड्या हलू लागल्या, आणि चौकीदाराने पोरांना बाजूला हाकलले.